आईची भाषा आणि रायतूरचे व्याकरण



जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की आमच्या बेळगाव भागात रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना प्रश्नही दारात येऊन उभा राहतो. वर्ग कोणत्या भाषेत घ्यायचा? मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, शाळेत कन्नड असतेच, घरी आईवडील मराठी बोलतात आणि आजी रागावते ती कोकणीत. बरेच पालक म्हणतात, "सर, इंग्रजीतच घ्या, तेवढाच मुलांना सराव." आणि मध्येच आपण मराठीतून काही समजावू लागलो की त्यांना वाटते, झाले, आता याचे इंग्रजी कच्चे राहणार. परकी भाषा शिकवताना घरची भाषा दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची, असा आपल्याकडे एक समजच होऊन बसला आहे.

आमच्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलाला प्रभूची प्रार्थना इंग्रजीत अगदी तोंडपाठ होती. उच्चारही चांगले. त्यातल्या ‘ट्रेसपास’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर त्याने लगेच हात वर केला. त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका मोकळ्या प्लॉटवर तसा बोर्ड लावलेला आहे, आत गेले तर पोलीस धरतात, असे त्याने सांगितले. म्हणजे तो लेकरू रोज रात्री देवाजवळ चेंडूसाठी कुंपणावरून उडी मारल्याची क्षमा मागत होता! उत्तर चुकले असे तरी कसे म्हणावे? पण ‘अपराध’ हा एक मराठी शब्द उच्चारला आणि वर्ग गप्प झाला, कारण तो शब्द त्यांनी घरी ऐकलेला होता, कधी स्वतःबद्दलही ऐकलेला होता.

हा प्रश्न आपल्याला आज पडलेला नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात तो चारशे वर्षे लढवला गेला, आणि दोन्ही बाजूंना चर्चचीच माणसे होती. ती हकीकत आपल्या लोकांना, विशेषतः धर्मशिक्षकांना, माहीत असावी म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवात संत फ्रान्सिस झेवियरपासून करू. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना आणि घरातल्या गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करणारे झेवियर आपण चित्रांत पाहिलेले असतात. त्याच वर्षी ते दक्षिणेकडे मोती काढणाऱ्या पारव लोकांच्या किनाऱ्यावर गेले आणि तिथे त्यांची खरी पंचाईत झाली. लोकांना तमिळ येत होती, यांना येत नव्हती. १५ जानेवारी १५४४ च्या पत्रात त्यांनी आपल्या रोममधल्या बांधवांना कळवले आहे की दोन्ही भाषा जाणणारी माणसे त्यांनी शोधली, त्यांच्याबरोबर पुष्कळ दिवस बसून क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, दहा आज्ञा यांचे तमिळ भाषांतर करून घेतले, ते स्वतः पाठ केले आणि मग हातात घंटा घेतली. लक्षात घ्या, तमिळ त्यांना पुढेही फारशी आली नाही. दुभाषा आजारी पडला की लोकांचे त्यांना कळेना आणि त्यांचे लोकांना कळेना, हे त्यांच्याच पत्रांत आहे. तरीसुद्धा प्रार्थना लोकांच्या भाषेत हवी, आपल्या भाषेत नको, एवढे या संताला पहिल्याच वर्षी उमगले होते.

पुढची पिढी अधिक पद्धतशीर निघाली. गोव्यात धर्मप्रांतीय परिषदा भरत, त्यांत हा विषय वारंवार आला, आणि १६०६ च्या परिषदेने तर नियमच केला की स्थानिक भाषा शिकल्याशिवाय कोणाही धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये. नियमामागचे कारण सोपे होते. पापनिवेदन ऐकायचे असते. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसायचे असते. तिथे दुभाषा चालत नाही.

पण युरोपातून आलेल्या तरुण धर्मगुरूने ही भाषा शिकायची कशी? पुस्तक कुठे होते? इथे आपल्याला फादर थॉमस स्टीफन्स भेटतात. आपण त्यांना ‘क्रिस्तपुराणा’चे कवी म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे, पण आज मला त्यांच्यातला शिक्षक दाखवायचा आहे. १५४९ च्या सुमारास इंग्लंडात विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक माणसाला धर्म पाळणे कठीण होते. रोमला जाऊन १५७५ मध्ये ते येशूसंघात आले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचले. त्यानंतरची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, बहुतेक सगळी साष्टीत गेली.

ती साष्टी शांत नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तिथली मंदिरे काही वर्षांपूर्वीच पाडली गेली होती, लोकांची मने दुखावलेली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय मारले गेले, त्यांचे मृतदेह ताब्यात घेऊन दफन करण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. अशा वर्षी लिहिलेल्या पत्रात या देशातल्या भाषांचे कौतुक असेल असे कोणाला वाटेल? पण ते आहे. इथल्या भाषा ऐकायला गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी लिहिले. विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते जगाला सांगितले ते १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. व्याकरण शिकवणाऱ्याची नजर म्हणतात ती हीच. परक्या भाषेत आपल्या ओळखीचे काय सापडते, ते आधी शोधायचे.

त्यांनी मग या भाषेचे व्याकरण लिहिले. त्या वेळचे युरोपीय लोक गोव्याच्या भाषेला ‘कानारी’ म्हणत, म्हणून पुस्तकाचे नाव ‘आर्ते दा लिंग्वा कानारी’. आज आपण तिला कोकणी म्हणतो. (कोकणी आणि मराठी यांचा वाद मी या लेखात उकरणार नाही, आमच्या धर्मग्रामात तो वाद पेटला की नाताळचा खर्चाचा हिशेब मागे पडतो.) हस्तलिखिताच्या रूपात ते शिकणाऱ्यांच्या हातांत फिरत होते. स्टीफन्स गेल्यानंतर फादर दियोगो रिबैरो यांनी त्यात भर घातली, आणखी चौघा येशूसंघीयांनी ते तपासले आणि १६४० मध्ये रायतूरच्या संत इग्नाती कॉलेजात ते छापले गेले. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याची गणना होते.

या व्याकरणाकडे धर्मशिक्षकाच्या डोळ्यांनी पाहा. लिहिणारा इंग्रज. शिकवायची भाषा कोकणी. आणि समजावणी? ती पोर्तुगीजमध्ये. स्टीफन्सची मायबोली इंग्रजी होती, पण शिकणारे बहुतेक पोर्तुगीज होते, आणि जे इटालियन वगैरे होते तेही गोव्यात येईपर्यंत पोर्तुगीज शिकलेले असत. म्हणून शिक्षकाने स्वतःच्या सोयीची भाषा बाजूला ठेवली आणि विद्यार्थ्याच्या सोयीची घेतली. नामांच्या विभक्ती लॅटिनच्या चौकटीत मांडल्या, कारण सेमिनरीत शिकलेल्या प्रत्येकाला ती चौकट तोंडपाठ होती. कोकणी शब्द रोमी लिपीत दिले, आणि अक्षरांचे उच्चार पोर्तुगीज माणसाला सवयीचे तेच ठेवले. ‘श’ साठी पोर्तुगीज लोक एक्स वापरतात, तोच इथे घेतला. ट, ड, ण, ळ हे उच्चार युरोपीय जिभेला नवे, तेव्हा त्यांच्यासाठी नवी चिन्हे न शोधता ओळखीचेच अक्षर दोनदा लिहिले. आजही रोमी कोकणीत ‘ळ’ साठी दोन एल लिहितात, ते आपण गोव्यातल्या चर्चच्या पाट्यांवर आणि गायनाच्या पुस्तकांत पाहतोच.

मुलांकरताही त्यांनी हेच केले. पोर्तुगालात फादर मार्कोस जॉर्ज यांची प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पोथी प्रसिद्ध होती. तिच्या धर्तीवर स्टीफन्सनी कोकणीत ‘दौत्रिना क्रिस्तां’ तयार केली, ती १६२२ मध्ये रायतूरलाच छापली गेली. आणि १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ तर सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्या महाकाव्याचा जन्म धर्मशिक्षणाच्या वर्गात झाला, असे स्वतः कवीच सांगतो. रविवारी दुपारी मुले दौत्रिना म्हणत असताना एक बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण पाद्री गुरूंना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे एखादे पुराण का देत नाही? त्या प्रश्नात तक्रार आहे, थोडी व्यथाही आहे. पाद्रींनी तो प्रश्न झिडकारला नाही. पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्यांनी भाषेबद्दलही खुलासा केला आहे. देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य वाटली, पण निव्वळ शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळणार नाही म्हणून तीत इथल्या ब्राह्मण बोलीचे सोपे शब्द मिसळले, असे ते म्हणतात. भाषेची शुद्धता की ऐकणाऱ्याला समजणे, यात त्यांनी काय निवडले ते सांगायला नको.

येशूसंघात ही पद्धत गोव्यापुरती नव्हती. मानुएल आल्व्हारेस यांचे लॅटिन व्याकरण १५७२ मध्ये लिस्बनला छापले गेले, ते लॅटिनमध्येच लिहिलेले. पण तेच पुस्तक १५९४ मध्ये जपानात आमाकुसा येथे छापले, तेव्हा क्रियापदांच्या रूपांपुढे जपानी अर्थ घातले. जपानी मुलाने लॅटिन जपानीच्या आधाराने शिकावे, असा तो विचार. प्रोटेस्टंट बाजूलाही तेच दिसते. मोरावियन बंधुमंडळाचे बिशप कोमेनियस यांनी १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले, वर चित्र, खाली लॅटिन आणि शेजारी जर्मन. आणि आपल्या मराठीचे पहिले इंग्रजीतून लिहिलेले छापील व्याकरण १८०५ मध्ये बंगालात श्रीरामपूरला काढणारे विल्यम केरी बाप्टिस्ट होते. पंथ वेगळे, पण शिकवण्याची समज एकच.

मग गोव्यात बिनसले कुठे?

१६८३ च्या पावसाळ्यानंतर छत्रपती संभाजी महाराजांनी पोर्तुगीजांना जेरीस आणले. नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला आणि ओल्ड गोव्याच्या दारात संकट उभे राहिले. व्हाइसरॉय होते फ्रान्सिस्को दे ताव्होरा, आल्व्होरचे काउंट. त्यांनी आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला, ही गोष्ट गोव्यात अजून सांगतात. मुघल सैन्य जवळ आल्यामुळे जानेवारी १६८४ मध्ये मराठे माघारी फिरले आणि गोवा वाचला.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, २७ जून १६८४ रोजी, याच व्हाइसरॉयने हुकूम काढला. गोव्याच्या लोकांनी आपली मातृभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. मुदत तीन वर्षे. तीन वर्षांनंतर व्यवहार आणि करार पोर्तुगीजमध्येच व्हावेत, न करणाऱ्यास शिक्षा. धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि शाळामास्तर यांनी मुलांना पोर्तुगीजमधूनच शिकवावे. तीन वर्षे! आमच्या मुलांना पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकवून ती बँकेत फॉर्म भरताना अडखळतात, आणि इथे शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्यांनी तीन वर्षांत आईची भाषा विसरायची होती.

हुकुमामागे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा आग्रह होता, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. बारदेशचे धर्मग्राम त्यांच्याकडे होते आणि १६०६ च्या नियमाप्रमाणे त्यांना भाषा शिकावी लागे, ते त्यांना जड जात होते. पण सगळ्या फ्रान्सिस्कनांना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. त्यांच्यातलेच फादर गास्पार दे साओ मिगेल यांनी त्याच शतकात कोकणीचे मोठे व्याकरण लिहिले होते. माझ्या मते लढाईच्या भीतीचाही यात वाटा असावा. शत्रूच्या मुलखात चालणाऱ्या भाषेची जवळची भाषा आपली प्रजा बोलते, हे घाबरलेल्या सरकारच्या डोळ्यांत खुपते. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगायला नको.

हुकुमाने लोकांची भाषा बदलली नाही. मात्र सत्तेला त्याची चटक लागली. १७४५ मध्ये आर्चबिशप दों लोरेन्सो दे सांता मारिया यांनी तर लग्नालाच अट घातली की नवरानवरीला पोर्तुगीज आली पाहिजे. १८१२ मध्ये आर्चबिशपांच्या आदेशाने शाळेत मुलांना कोकणी बोलण्याची बंदी झाली, १८४७ मध्ये ती सेमिनरीपर्यंत पोचली. गंमत पाहा, मधल्या काळात खुद्द पोर्तुगालात काय चालले होते. तिथे १७५९ मध्ये सरकारने आल्व्हारेसचे लॅटिनमधले लॅटिन व्याकरण शाळांतून काढून टाकले आणि पोर्तुगीजमधून लॅटिन समजावणारी पुस्तके आणली. १७७० च्या कायद्याने तर सांगितले की लॅटिनच्या विद्यार्थ्याला आधी सहा महिने त्याची स्वतःची पोर्तुगीज शिकवा, मग लॅटिनला हात घाला. म्हणजे लिस्बनच्या मुलाला परकी भाषा शिकताना मायबोली हा आधार, आणि म्हापशाच्या मुलाला परकी भाषा शिकताना मायबोली हा गुन्हा. शिक्षणशास्त्र एका मुलाला लागू आणि दुसऱ्याला नाही, असे कधी असते का? हे शिक्षणशास्त्र नव्हतेच.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. भाषा कानावर पडून पडून येते, हे खरे आहे. आईने आपल्याला व्याकरण शिकवले नव्हते. वर्गात प्रत्येक वाक्याचे भाषांतर करीत बसलो तर मूल भाषांतराचीच वाट पाहते, स्वतः बोलत नाही, हाही अनुभव आहे. पण कानावर पडण्यासाठी ती भाषा आजूबाजूला बोलली जावी लागते. बारदेशातल्या मुलाच्या कानावर पोर्तुगीज पडायची कुठे? घरी नाही, शेतात नाही, बाजारात नाही. शाळेतला तासभर, तोही मास्तरच्या छडीच्या आवाजासकट. पोहायला शिकवायचे म्हणून मुलाला पाण्यात सोडतात हे ठीक, पण त्यासाठी विहिरीत पाणी तरी असावे लागते.

बायबलमध्ये दोन प्रसंग आहेत, ते मला या संदर्भात नेहमी आठवतात. पहिला पन्नासाव्या दिवसाचा, आपण दर वर्षी तो वाचतो. पवित्र आत्मा उतरला तेव्हा यरुशलेममध्ये जमलेल्या पार्थी, मेदी, एलामी लोकांना एकदम अरामी भाषा आली असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले नाही. प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकले असे आहे. देवाने वाट बदलली ती बोलणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नाही. दुसरा प्रसंग नहेम्याच्या आठव्या अध्यायातला, तो कमी वाचला जातो. बंदिवासातून परतलेले लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत, एज्रा नियमशास्त्र वाचतो आहे आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ समजावून सांगत आहेत. परदेशात वाढलेल्या त्या पिढीला जुनी हिब्रू अवघड जात असावी, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की मूळ वचन बाजूला ठेवले गेले नाही. ते मोठ्याने वाचले गेले, आणि शेजारी अर्थ सांगितला गेला. लोक रडले, मग जेवले, मग आनंद केला, कारण त्यांना कळले होते. मला तर तो धर्मशिक्षणाचा पहिला द्विभाषिक वर्ग वाटतो, आणि लेवी आपले पूर्वसुरी.

आता गोव्याकडे परत. १८५५ मध्ये पोर्तुगालच्या आलेंतेझु प्रांतातले एक गृहस्थ सरकारचे मुख्य सचिव म्हणून गोव्यात आले. ज्वाकी एलियोदोरो दा कुन्या रिव्हारा त्यांचे नाव. वैद्यकी शिकलेले, पण मन पुस्तकांत. एव्होरा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ते प्रमुख होते. जुने कागद पाहिले की हा माणूस सरकारी काम विसरत असावा, कारण गोव्यातल्या दफ्तरखान्यातले शेकडो दस्तऐवज त्यांनी उकरून छापले. १८५६ मध्ये पणजीला, म्हणजे त्या वेळच्या नव्या गोव्यात, शिक्षक तयार करणारी शाळा उघडली. उद्घाटनाला रिव्हारा बोलायला उभे राहिले. समोर पोर्तुगीज शिकवणारे भावी मास्तर. सरकारचा मुख्य सचिव काय सांगेल असे त्यांना वाटले असेल? त्याने सांगितले की मुलांची मायबोली हेच त्यांना शिकवण्याचे साधन आहे, तिचा अभ्यास करा, तिची हेळसांड थांबवा.

हा माणूस पोर्तुगीज राज्याचा विरोधक नव्हता. राज्याचाच नोकर होता, पोर्तुगीज भाषा पसरावी असेच त्याला वाटत होते. म्हणूनच त्याचे म्हणणे मला वजनदार वाटते. कोकणीवरच्या मायेने बोलणारे गोव्यात होतेच, पण पोर्तुगीज नीट शिकवायची असेल तर कोकणीतून शिकवा, असे पोर्तुगीज अधिकाऱ्याने म्हणणे वेगळे. ज्याला न कळणारे शब्द घोकायला लावले, त्याला शेवटी दोन्ही भाषा अर्धवट येतात, हे त्याला शाळांमधून दिसत होते.

भाषण करून ते थांबले नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १८५७ मध्ये, त्यांनी स्टीफन्सचे व्याकरण पुन्हा छापले. दोनशे सतरा वर्षांनी! नावातला ‘कानारी’ शब्द काढून ‘कोकणी’ घातला. त्याला जोडून कोकणी भाषेचा इतिहास सांगणारा दीर्घ निबंध लिहिला आणि १६८४ च्या हुकुमासकट सगळी कागदपत्रे लोकांसमोर ठेवली. आज आपल्याला ही हकीकत माहीत आहे ती मुख्यतः त्यांच्यामुळे. १८५८ मध्ये उत्तरेकडच्या कोकणी बोलीचे एका जुन्या मिशनऱ्याने लिहिलेले व्याकरणही त्यांनी छापले. ती ठाणे-साष्टीकडची बोली, तेव्हा आपल्या वसईकर बांधवांनी ते पुस्तक आपले म्हणायला हरकत नाही. त्यांचा तो ऐतिहासिक निबंध पुढे १९५८ मध्ये अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या छपाईच्या इतिहासावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात भाषांतर करून घेऊन समाविष्ट केला. एका पोर्तुगीजाचे ऋण एका गोमंतकीय मराठी पंडिताने असे फेडले.

सरकारने रिव्हारांचे ऐकले का? फारसे नाही. शाळा पोर्तुगीजच राहिल्या, आणि त्यांत न जाणारी मुले निरक्षर राहिली किंवा घाट चढून आमच्याकडे बेळगावला, पुण्याला, नाही तर मुंबईला गेली. कोकणीतले पहिले नियतकालिक ‘उदेंतेचें साळ्ळोक’ निघाले ते १८८९ मध्ये, आणि तेही गोव्यात नव्हे, पुण्यात. गोव्याच्या मुलाला आपली भाषा छापलेली पाहायची तर सह्याद्री ओलांडावा लागत होता. दरम्यान, कोणीही हुकूम न काढता आपण पोर्तुगीजकडून चावी घेतली, पगार घेतला, पाव, बटाटा, कोबी, बिजागरी घेतली. आमच्या आजीला यातला एकही शब्द परका आहे हे सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला नसता.

पालकांना माझे सांगणे असते ते यावरूनच. इंग्रजी प्रार्थना शिकवायला आमचा विरोध नाही, मुले पुढे बंगळूरला, पुण्याला, आखाती देशांत जातील, तिथल्या मिस्सेत त्यांना ती लागेल. आम्ही फक्त प्रार्थनेतला प्रत्येक जड शब्द घरच्या भाषेत उलगडतो आणि मग पुन्हा इंग्रजीकडे जातो. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कोकणी, दोन घरी कन्नड. वेळ जास्त लागतो. एका रविवारी चार ओळीच होतात. मुले मात्र आता प्रश्न विचारू लागली आहेत, आणि आजीआजोबांना घरी जाऊन शब्द विचारू लागली आहेत, हा लाभ आम्ही धरलेलाच नव्हता.

रिव्हारा गोव्यात आले त्याच १८५५ साली बारदेशात आसगावला सेबास्तियांव रोदोल्फु दालगाद यांचा जन्म झाला. रायतूरच्या सेमिनरीत शिकून १८८१ मध्ये ते धर्मगुरू झाले. ज्या सेमिनरीत कोकणी बोलण्याला मनाई झाली होती, तिथून बाहेर पडलेल्या या धर्मगुरूने गावोगावचे कोकणी शब्द जमवले, त्यांचे मूळ संस्कृतापर्यंत नेऊन तपासले आणि पुढे पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कुठे कुठे रुजले याचाही शोध घेतला. उतारवयात दोन्ही पाय कापावे लागले तरी लिस्बनमध्ये त्यांचे लेखन चालू राहिले, १९२२ मध्ये ते वारले. त्यांचा कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश १८९३ मध्ये मुंबईला, इंदुप्रकाश छापखान्यात छापला गेला, कोकणी शब्द देवनागरीत आणि अर्थ पोर्तुगीजमध्ये.